तरसरोधक कडी

एका जंगलात सगळं काही होतं, म्हणून तिथल्या प्राण्यांना सगळं बाहेरून मागवावं लागे.

हसू नका, मुलांनो. समजावून सांगतो. हरणांच्या दारात गुडघाभर गवत होतं. पण ते दारातलं गवत. परजंगलातून आलेलं, खोक्यात दाबून बसवलेलं, वर चिकटपट्टी मारलेलं गवत वेगळं. ते खाताना हरणं डोळे मिटत. अस्वलं मध मागवत. मोर मोरपिसं मागवत. एका बेडकाने तर चिखल मागवला होता, आणि असला चिखल आपल्याकडे मिळत नाही असं तो चिखलात बसून सगळ्यांना सांगत होता.

मागवायची पद्धत सोपी होती. फांदीवरच्या पोपटाला काय हवं ते सांगायचं. पोपट उडत पार्सल कंपनीच्या गोदामात जायचा आणि ऐकलेलं तसंच्या तसं बोलून दाखवायचा. मग कंपनीचा ट्रक यायचा. तो येईपर्यंत आपण दाराशी बसून राहायचं.

पळस फुलला की जंगलात मोठा सण असे. सणाआधीचे वीस दिवस तर इतकी मागणी यायची, की पोपटांचे घसे बसत.

याच जंगलात, ओढ्यापलीकडे, लिंबाजी नावाचा तरस राहत होता. वयाने पोक्त. पुढचे पाय उंच आणि मागचे आखूड, त्यामुळे सपाट रस्त्यावरसुद्धा तो चढ चढत असल्यासारखा दिसे. दुसऱ्यांनी खाऊन टाकलेलं तो खाई. जिवंत कोणाला त्याने आयुष्यात नख लावलं नव्हतं. पण दार लावून घेण्याच्या घाईत हे विचारणार कोण?

आणि दारं लागत, मुलांनो. लिंबाजी ओढा ओलांडून अलीकडे आला, की पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी खाट् खाट् दारं मिटत जात. तो शेवटच्या घरापाशी पोचेपर्यंत सगळं जंगल बंद झालेलं असे. एकदा त्याच्या पंजात काटा रुतला. काढून द्यायला कोणी भेटेना. तो काट्यासकट घरी गेला आणि काट्यासकट आठ दिवस राहिला.

बोलायला कोणी नसल्यामुळे त्याचा आवाज गंजला होता. त्याने घसा खाकरला तरी ऐकणाऱ्याला वाटे, हा हसतोय. आणि तरसाचं हसणं कोणालाच आवडत नाही.

त्या वर्षी गोदामाबाहेरच्या सागावर पाटी लागली. 'सणापुरता हेल्पर पाहिजे. ट्रकवर. वीस दिवस. धावता येणे आवश्यक. जेवण मिळेल.'

पाटी सगळ्यांनी वाचली. पण कामावर गेलं तर घरी आलेलं पार्सल कोण घेणार? जंगलात एकटा लिंबाजीच असा होता, ज्याच्याकडे काही येणार नव्हतं.

गोदामाचा मुकादम श्रीपतराव नावाचा बगळा होता. तो एका पायावर उभा राहून काम बघे. दुसरा पाय टेकायला त्याला सवडच नव्हती.

"अनुभव?" श्रीपतरावाने विचारलं.

"कशाचा?"

"पार्सल पोचवायचा."

"दुसऱ्याचं उचलून न्यायचा आहे," लिंबाजी म्हणाला.

"चालेल. विश्वासू आहेस का?"

लिंबाजीने विचार केला. "सांगता येत नाही. आजवर माझ्या हातात कोणी काही दिलंच नाही."

"म्हणजे तक्रारही नाही," श्रीपतराव म्हणाला आणि त्याने एक तपकिरी जाकीट पुढे केलं. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'पार्सल' असं लिहिलं होतं. लिंबाजीच्या अंगावर ते पुढून तोकडं पडत होतं आणि मागून जमिनीला लागत होतं. पण आजवर त्याच्या मापाचं जगात काहीच नव्हतं, त्यामुळे त्याने ते मनावर घेतलं नाही.

ट्रकवर दौलू नावाचा गवा ड्रायव्हर होता. सगळे त्याला दौलूअण्णा म्हणत. पंधरा वर्षं तो ट्रक चालवत होता आणि पंधरा वर्षांत त्याने रस्त्याखेरीज काही पाहिलं नव्हतं.

"नीट ऐक," दौलूअण्णा समोर बघतच म्हणाला. "ज्याचं घर शेवटी, त्याचं पार्सल ट्रकात सगळ्यात आत. ज्याचं घर आधी, त्याचं बाहेर. उलटं भरलंस तर दिवसभर खोकी उपसत बसशील. मी ट्रक पुरता थांबवत नाही, हळू करतो. तू उडी मारायची. दार वाजवायचं, दोन पावलं मागे सरायचं, पार्सल म्हणायचं. पानावर पंजाचा ठसा घ्यायचा आणि पळत यायचं. कळलं?"

"कळलं. पण दार उघडलंच नाही तर?"

"उघडतात."

"मला बघून?"

"तुला कोण बघतंय?" दौलूअण्णा म्हणाला आणि त्याने ट्रक सुरू केला.

पहिलं घर वामनराव ससे यांचं होतं. हे घर लिंबाजीला चांगलं माहीत होतं. म्हणजे घर नव्हे, दार. त्या दारावरची प्रत्येक गाठ त्याला पाठ होती, कारण त्याने ते नेहमी बंदच पाहिलं होतं.

त्याने दार वाजवलं. दोन पावलं मागे सरला.

"कोण आहे?" आतून बाईचा आवाज आला.

"पार्सल," लिंबाजी म्हणाला.

आणि मुलांनो, दार उघडलं.

दारात वामनरावांच्या पत्नी इंदूवहिनी उभ्या होत्या. त्यांनी लिंबाजीकडे पाहिलं नाही. त्यांनी खोक्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा खुलला, की लिंबाजीने मागे वळून बघितलं, कोणी नातेवाईक आलेत का. मागे कोणी नव्हतं. त्यांनी ठसा दिला, खोकं घेतलं आणि म्हणाल्या, "किती हो वेळ वाट बघायला लावता, दादा!"

लिंबाजी ट्रककडे पळत आला, पण आत चढायचं विसरला. थोडा वेळ तो ट्रकच्या शेजारून नुसताच धावत राहिला.

"काय झालं?" दौलूअण्णाने विचारलं.

"माझी वाट बघत होत्या."

"मग बघणारच. चढ वर."

पहिले तीन दिवस लिंबाजीचं अंग ठणकत होतं. उडी मारून उतरणं त्याला सोपं जाई, चढणं जड जाई. मागचे पाय पायरीपर्यंत पोचतच नसत. मग दौलूअण्णा ट्रक उताराच्या कडेला घेऊ लागला, म्हणजे पायरी खाली येई. लिंबाजीने आभार मानले, तर तो म्हणाला, "रस्ताच तसा आहे." रस्ता तसा नव्हता.

चौथ्या दिवशी लिंबाजीने खोकी उलटी भरली. अस्वलाला चिखल गेला आणि बेडकाला मध. आता नोकरी गेली, असं त्याला वाटलं. पण संध्याकाळी पोपट निरोप घेऊन आले. अस्वल म्हणालं होतं, यंदाचा मध चांगला दाट आहे. बेडूक म्हणाला होता, चिखल गोड निघाला, पुन्हा तोच पाठवा.

आठवडाभरात सगळं जंगल लिंबाजीला ओळखू लागलं. म्हणजे जाकीट ओळखू लागलं, पण लिंबाजी त्या वेळी जाकिटातच होता, त्यामुळे त्याला हा फरक कळला नाही. चितळांच्या वस्तीत त्याला पाणी मिळे. मुंगसाची म्हातारी आई त्याला गुडघेदुखीची सगळी हकीकत सांगे आणि तो पायांवरचा भार बदलत ऐकून घेई. त्याचा आवाज मोकळा होऊ लागला. एकदा तो ट्रकमध्ये चक्क गुणगुणला. दौलूअण्णाने दचकून रस्त्यावरून नजर काढली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

मग कड्या आल्या.

त्या सणाला सगळ्यात जास्त खपलेली वस्तू गवत नव्हती, मधही नव्हता. ती होती कडी. लांबट खोकं, आत बाभळीची कडी आणि चार खिळे. खोक्यावर एक चित्र होतं. लाल डोळे, कोपराएवढे दात, तोंडातून गळणारी लाळ, आणि त्यावर काळी फुली. खाली लिहिलं होतं, 'तरसरोधक कडी. एकदा बसवा, कायमचे निर्धास्त व्हा.'

"हा कोण?" लिंबाजीने चित्र दाखवून विचारलं.

"तू," दौलूअण्णा म्हणाला.

लिंबाजीने जिभेने आपले दात चाचपून बघितले. "माझे दात असे नाहीत."

"चित्रकाराने पाहिले नसतील."

"मग त्याने चित्र कशावरून काढलं?"

"आधीच्या चित्रावरून," दौलूअण्णा म्हणाला. "उडी मार. घर आलं."

लिंबाजीने उडी मारली. त्या दिवशी त्याने अख्ख्या पायवाटेवर घरोघर तरसरोधक कड्या पोचवल्या. प्रत्येक दारात लोक खूश झाले. "आलात! आता काळजी नाही," असं म्हणून त्यांनी त्याच्या पानावर ठसे उठवले. त्याला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. वाटलं. पण एवढे जण आपल्यामुळे खूश होताना त्याने कधी पाहिले नव्हते. वाईट वाटायला सवड काढावी लागली असती, आणि ट्रक थांबत नव्हता.

वामनराव ससे घाबरण्याच्या बाबतीत जंगलात पहिले होते. त्यांनी कडी घेतली, खिळे हातात घेतले आणि सगळंच परत लिंबाजीपुढे धरलं.

"दादा," ते म्हणाले, "जरा बसवून देता का? माझ्याने दगड उचलवत नाही."

दौलूअण्णाने दूरवरून हॉर्न दिला. तरी लिंबाजी थांबला. एवढ्या वर्षांत त्याला कोणी घरात या म्हटलं नव्हतं. तो आत गेला. त्याने कडी दाराला लावली आणि दगडाने खिळे ठोकले. घरात वाळलेल्या गवताचा छान वास येत होता. कोपऱ्यात न उघडलेली खोकी छपरापर्यंत रचलेली होती.

"ओढ्यापलीकडे एक तरस राहतं म्हणतात," वामनराव हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही सगळीकडे फिरता. पाहिलंयत कधी?"

"पाहिलंय," लिंबाजी म्हणाला. "पाणी प्यायला वाकलो की दिसतं."

"बाप रे! एवढ्या जवळून? कसं आहे?"

लिंबाजी खिळा ठोकत राहिला. "बरं आहे."

"बरं?"

"म्हणजे, साधारणच. एकटं असतं."

"एकटं असतं तेच बरं," वामनराव म्हणाले. "दोन असती तर? आता जरा बाहेर जाऊन दार ढकलून बघता का? जोर लावा. तरस लावेल तेवढा."

लिंबाजी बाहेर गेला. आतून कडी लागली. त्याने खांदा टेकवून तरस लावेल तेवढा जोर लावला. दार तसूभर हललं नाही.

"उत्तम बसलीय," तो बाहेरून म्हणाला, आणि काम चांगलं झाल्याबद्दल त्याला बरंही वाटलं.

इंदूवहिनींनी दार उघडून त्याला बोरांचं सरबत दिलं. "सणाला जेवायला याच हं, दादा," त्या म्हणाल्या. "कारणं सांगायची नाहीत."

"आलं पाहिजे," वामनरावही म्हणाले. "वाट बघू आम्ही."

"येईन," लिंबाजी म्हणाला. त्याने असा शब्द कोणाला दिला नव्हता, कारण कोणी मागितला नव्हता.

विसावा दिवस संपला. श्रीपतरावाने जाकीट परत घेतलं, झटकलं आणि खुंटीला लावलं.

"पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला.

दौलूअण्णाने लिंबाजीला ओढ्यापर्यंत ट्रकने सोडलं आणि त्या दिवशी ट्रक पुरता थांबवला. "चांगला होतास," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. मग ट्रक दुसऱ्या जंगलाला निघून गेला.

सणाच्या दिवशी लिंबाजीने ओढ्यात आंघोळ केली. मानेवरचे केस चाटून बसवले. पळसाचं एक फूल कानामागे खोचलं, मग जास्त वाटलं म्हणून काढून टाकलं. भर दुपारी, जेवायच्या वेळेला, तो पायवाटेने निघाला.

खाट्. खाट्. खाट्.

दोन्ही बाजूंनी दारं मिटत गेली. सगळीकडे नवी कडी पडल्याचा घट्ट आवाज येत होता. सगळे सणाच्या गडबडीत असतील, असं त्याने मनाला सांगितलं. मुंगसाच्या म्हाताऱ्या आईलाही त्याने हात केला. तिने खिडकी लावली.

त्याने वामनरावांचं दार वाजवलं. दोन पावलं मागे सरला.

"कोण आहे?"

"मी लिंबाजी. जेवायला बोलावलं होतंत."

"कोण लिंबाजी?" वामनरावांचा आवाज आला. दाराला एक भोक होतं. त्या भोकात एक डोळा दिसला. डोळा मोठा झाला आणि नाहीसा झाला.

"तरस!" आतून किंकाळी आली. "अगं, तरस आलंय! कडी लाव, कडी!"

कडी पडली. लिंबाजीने ती अगदी मनापासून बसवलेली होती.

"वामनराव," लिंबाजी म्हणाला, "घाबरू नका, मी तोच—"

"चालता हो!" वामनराव आतून ओरडले. भीतीने त्यांचा आवाज चिरकत होता. "आमचा पार्सलवाला येणार आहे जेवायला! आत्ता येईल! चांगला धिप्पाड आहे तो. तुझी हाडं मोडील!"

जावं की थांबावं, लिंबाजीला कळेना.

"तो आला नाही तर?" त्याने विचारलं.

"येणार! शब्दाचा पक्का आहे तो. तुझ्यासारखा नाही!"

मुलांनो, लिंबाजीला आजवर कोणी इतकं वाईट बोललं नव्हतं. आणि इतकं चांगलंही कोणी बोललं नव्हतं. दोन्ही एकाच दारातून, एका दमात आलं होतं. तो मान खाली घालून निघाला.

ओढ्याजवळ पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला काही जेवायचं नाही, पण तिथे ताट वाढलेलं असणार. वामनराव भोकाला डोळा लावून बसले असणार. पार्सलवाला आला नाही, तर ते म्हणतील, तोही तसलाच निघाला. स्वतःबद्दल कोणी वाईट बोललं तर त्याला सवय होती. पण त्या पार्सलवाल्याबद्दल कोणी वाईट बोललेलं त्याला सहन झालं नसतं. वीस दिवस तो फार चांगला वागला होता.

सणासाठी मागवलेल्या सामानाची रिकामी खोकी जंगलभर पडली होती. लिंबाजीने त्यातलं एक बरं बघून उचललं, पुसलं, झाकण मिटवलं आणि छातीशी धरलं. जाकीट नव्हतं. फूलही नव्हतं. तो परत गेला आणि त्याने दार वाजवलं.

"कोण आहे?"

"पार्सल," लिंबाजी म्हणाला.

भोकात डोळा आला. डोळ्याने खोकं पाहिलं. कडी निघाली.

"या, या! किती हा उशीर, दादा!" वामनरावांना धाप लागली होती. "आत्ताच एक तरस येऊन गेलं. हा असा थोराड! पण तुमचं नाव घेतल्याबरोबर शेपूट घालून पळालं. बसा, बसा, पाट घ्या."

लिंबाजी पाटावर बसला. जेवण साधं होतं. कोवळी पालेभाजी, उकडलेले कंद. त्याला यातलं काहीच पचणारं नव्हतं. त्याने तीनदा मागून घेतलं.

जेवण झाल्यावर वामनरावांनी खोकं उघडलं. आत बघितलं. मग आत हात घालून चाचपलं.

"रिकामं आहे," ते म्हणाले. "बघा ही कंपनी! सणासुदीला रिकामं खोकं पाठवते! हे मी ठेवून घेणार नाही. परत जाणार हे."

"परत न्यायला मग दादांना उद्या यावं लागेल," इंदूवहिनी म्हणाल्या.

"येऊ देत. नियम म्हणजे नियम."

दुसऱ्या दिवशी लिंबाजी रिकामं खोकं परत न्यायला आला. कोणी परत न्यायला आलेल्याला उपाशी पाठवत नाही, म्हणून तो जेवला. तिसऱ्या दिवशी त्याने दुसरं खोकं आणलं. तेही रिकामं निघालं. तेही परत गेलं. असे बरेच दिवस गेले. वामनराव रोज कंपनीला शिव्या देत, रोज तरसाच्या गोष्टी सांगत, आणि रोज लिंबाजीला शेजारी बसवून घेत. तरसाबद्दल बोलताना आधाराला कोणी जवळ असलं, की त्यांना बरं वाटे.

पुढे एका दुपारी वामनराव आत हात धुवायला गेले. इंदूवहिनी ताट उचलायला वाकल्या. त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं, मग लिंबाजीच्या तोंडाकडे बघितलं. खोक्याकडे नाही. आणि हळूच म्हणाल्या,

"दादा, उद्यापासून त्यात निदान एखादा दगड तरी घालत जा. यांना संशय येईल."

लिंबाजीने घसा खाकरला. तो आवाज हसण्यासारखा आला. इंदूवहिनी दचकल्या नाहीत. त्या ताट घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी लिंबाजीने ओढ्यातला एक गुळगुळीत दगड खोक्यात घालून आणला. वामनरावांनी तो बाहेर काढला. उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला.

"छान आहे," ते म्हणाले. "मीच मागवला असणार."

आणि त्यांनी तो फळीवर ठेवला.

तात्पर्य : तुम्ही चांगले वागलात की लोक तुम्हाला ओळखतील, असं मोठी माणसं सांगतात. त्यांचं ऐका, मुलांनो, चांगलेच वागा. फक्त जाताना हातात खोकं असू द्या.